वाटेवरचे कलागृह

जबलपूरहून भेडाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेवर नावाचे गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. कनिंगहॅम व राखालदास बॅनर्जी यांच्यापासून पुराविदांची पावले येथे वळत आली आहेत. १९५२ साली सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. ज्या भूमीत शिल्पकलेचा एवढा मोठा व्यवहार एके काळी चालला, तेथे आज नव्या, म्हणजे आपल्या काळातील, चित्रांसाठी व शिल्पांसाठी एखादे गृह बांधावयाचे ठरले तर त्याची बांधणी कशी असावी, हा प्रश्न या रस्त्याने जाताना मला अनेकदा पडला आहे. प्रश्न काल्पनिक आहे, असे कोणी म्हणेल. तथापि ज्या प्रश्नाला इतिहासात एकाहून अधिक उत्तरे मिळालेली आहेत, त्याला निव्वळ काल्पनिक म्हणता येत नाही.

संग्रहालय ही संस्था आपल्याकडे नगरांत आली. तिच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : पाहणारा मनुष्य ती पाहण्यासाठीच घरून निघालेला आहे. त्याच्यापाशी मोकळी दुपार आहे, आणि दाराशी पोहोचल्यावर तो प्रेक्षक झालेलाच असतो. ग्रामीण भागात हे गृहीत टिकत नाही. तेथे मनुष्य रस्त्यावर येतो तो बाजारासाठी, जत्रेसाठी, देवासाठी, नदीच्या स्नानासाठी. कलागृह त्याला भेटायचे असेल तर ते या वाटांपैकी एकीवर भेटले पाहिजे. म्हणूनच खेड्यातील कलागृहाच्या वास्तूचा विचार भिंती आणि छप्पर यांच्यापासून सुरू न करता त्याच्याकडे येणाऱ्या वाटेपासून सुरू करावा लागतो, असे माझे मत आहे. वास्तुविद्येच्या ग्रंथांत हा मुद्दा कोणत्या अध्यायात बसतो ते मला सांगता येणार नाही. पण प्रत्यक्ष उदाहरणे पाहिली की तो टाळता येत नाही.

यांतील सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातले आहे, आणि ते एका लहानशा संस्थानाने उभे केले आहे. सातारा जिल्ह्यातील औंध येथे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय स्थापन केले. औंध संस्थान ते केवढे? बहात्तर खेडी, आणि तीही साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत विखुरलेली. त्यांतला बराचसा मुलूख अवर्षणाचा. ज्या मुलखात पाण्याची चिंता पाचवीला पुजलेली, तेथे राजाने चित्रांसाठी घर बांधावे, हे त्या काळच्या व्यवहारी लोकांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही. परंतु बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्ररामायण काढले, अजिंठा व वेरूळ यांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. आणि याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते कीर्तनकार होते. कीर्तनकाराला श्रोत्याची पारख असते. आपल्यापुढे बसलेला शेतकरी, त्याची बायको, कडेवरचे मूल, यांना उद्देशून बोलण्याची सवय ज्याला आहे, त्याने बांधलेले संग्रहालय विद्वानांच्या मंडळाने बांधलेल्या संग्रहालयापेक्षा वेगळे असणारच.

तो वेगळेपणा प्रथम जागेच्या निवडीत दिसतो. औंध गावाच्या शेजारी डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर यमाईचे मूळपीठ. संग्रहालय गावात, वाड्यालगत बांधणे सोयीचे झाले असते. ते बांधले गेले या डोंगराच्या चढावर, गाव आणि देवी यांच्या मध्ये. देवीला जाणारा माणूस त्याच्यावरूनच जाणार. चढ चढून दम लागलेला असतो, दगडी इमारतीची सावली समोर असते, आणि आत शिरावयास देवीची आडकाठी नसते. परततानाही तेच दार पुन्हा लागते. ही योजना मला कोणत्याही कमानीपेक्षा वा घुमटापेक्षा अधिक वास्तुशास्त्रीय वाटते. येथे इमारतीने प्रेक्षक बोलावलेला नाही. ती स्वतःच त्याच्या रस्त्यात जाऊन उभी राहिली आहे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दालनांत उजेड उंचावरून, छताकडून घेतला आहे. विजेचा भरवसा नसलेल्या गावात हे गरजेचेच होते, पण त्यात दृष्टीही आहे. भिंतीला खालच्या पातळीवर खिडक्या ठेवल्या म्हणजे भिंतीची जागा जाते, आणि तैलचित्राच्या रोगणावर खिडकीची चकाकी उमटून चित्र पाहता येत नाही. वरून येणारा उजेड चित्रावर पसरतो व पाहणाऱ्याच्या डोळ्यांना छेदत नाही. शिल्पाला तर तो विशेष मानवतो. संगमरवराच्या गालावरची गोलाई त्यानेच कळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. हाच प्रकाश कागदावरील जलरंगाला आणि लघुचित्रांना हळूहळू मारक ठरतो, आणि औंधच्या संग्रहात पहाडी शैलीची मोलाची लघुचित्रे आहेत. एकाच छताखाली तैलचित्र, शिल्प व लघुचित्र यांना समान प्रकाश देणे ही त्या काळच्या बहुतेक संग्रहालयांची अडचण होती. औंध तिला अपवाद नाही.

या गृहाला समकालीन कलेचे गृह म्हणावे का, अशी शंका घेतली जाईल, कारण आज तेथे जाणाऱ्याला ते जुने वाटते. पण १९३८ च्या डोळ्यांनी पाहावे. राजा रविवर्मा यांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती. त्यांचे अनुकरण घराघरांत तसबिरींच्या रूपाने अजून जिवंत होते. म. वि. धुरंधर हयात होते. बंगालच्या नव्या संप्रदायाविषयी मुंबईत वाद चालू होते, आणि त्या संप्रदायाची चित्रे औंधच्या भिंतीवर होती. पुढे हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्प या संग्रहात आले; ज्या काळात मूर यांचे नाव आपल्या शहरांतील कलारसिकांनाही फारसे परिचित नव्हते, त्या काळातील हे धाडस आहे. यांच्या जोडीला पाश्चात्य चित्रांच्या व शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम आहे. अभिरुचीच्या दृष्टीने हा मेळ सर्वत्र जमला आहे असे म्हणवत नाही. ग्रीक देवतेच्या प्रतिकृतीशेजारी ऋतूंची रूपके आणि त्यांच्यापलीकडे शिवचरित्रातील प्रसंग पाहताना टीकाकाराचे मन अडखळते. परंतु कीर्तनातही पूर्वरंग आणि आख्यान यांत दृष्टान्त कोठून कोठून येतात, आणि श्रोता तक्रार करीत नाही. हे संग्रहालय मला एका कीर्तनकाराने दगडात मांडलेले निरूपण वाटते. त्याचे गुण आणि दोष दोन्ही त्याच जातीचे आहेत.

आणखी एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते, जरी तो पुरता योगायोग नसावा. महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधच्या राजाने प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना १९३९ साली अमलात आणली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत निघाली तीही त्याच सुमारास. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, स्वतः चित्रकार असूनही वेदांच्या अभ्यासाकडे वळलेले, तेव्हा औंधातच आपला स्वाध्याय मंडळ चालवीत होते. ज्या दशकात सत्ता खेड्याकडे सोपवावी असे या राजाला वाटले, त्याच दशकात चित्रेही खेड्याच्या वाटेवर ठेवावीत असे त्याला वाटले. या दोन इच्छा एकाच मनातून आल्या होत्या. पण पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, संग्रहालय कालांतराने राज्य शासनाकडे आले, आणि घर राहिले, घरमालक गेला. ज्याच्या आवाजात ते निरूपण चालले होते तो आवाज नसताना इमारतीने एकटीने किती बोलावे? औंधला गेल्यावर हा प्रश्न सुटत नाही.

औंधच्या त्या दशकात खेड्यात कला नेण्याचा दुसराही एक मार्ग चोखाळला जात होता, आणि त्याचे एक टोक जबलपूरपर्यंत येते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी तेथील नगराची सजावट केली. स्थपती म्हात्रे त्यांच्या सोबतीला होते. बांबू, चटया, गवत, गावातल्या कारागिरांच्या हातचे सामान, एवढ्यावर ती नगरी उभी राहिली. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेतील हरिपुऱ्यासाठी नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे फलक रंगविले. त्यांतील ऐंशीहून अधिक स्वतः नंदलालांच्या हातचे. कातारी, शिंपी, वाजंत्री, शिकारी, दळणकांडण करणाऱ्या बाया असे त्यांचे विषय. हे फलक कोणत्याही दालनात टांगलेले नव्हते. ते प्रवेशद्वारांवर आणि वाटांच्या कडेला होते; अधिवेशनाला पायी आलेला शेतकरी चालता चालता ते पाहत होता. मार्च १९३९ मध्ये हीच परंपरा त्रिपुरीच्या भूमीवर आली, ज्या अधिवेशनाचे राजकारण सर्वांना आठवते आणि ज्याच्या मांडवाची आठवण कोणी काढीत नाही. या नगऱ्या चार दिवसांच्या. बांबू सोडले, मैदान मोकळे झाले. त्यांतून एवढे मात्र दिसून आले, की खेड्यातील माणसाला चित्र कळत नाही ही तक्रार करणाऱ्यांनी चित्र त्याच्या वाटेवर ठेवून पाहिलेले नसते.

आता टिकाऊ बांधणीच्या विचाराकडे वळायचे, तर तेवरहून थोडेसेच पुढे जावे. भेडाघाटच्या टेकडीवर, शंभराहून अधिक पायऱ्या चढल्यावर, चौसष्ट योगिनींचे स्थान आहे. नाव चौसष्ट योगिनींचे. पण खण मोजले तर चौऱ्याऐंशी भरतात, आणि त्यांतील तीन येण्याजाण्यासाठी सोडले असता मूर्तींसाठी एक्याऐंशी उरतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस, कलचुरींच्या राज्यात ही वास्तू उभी राहिली. आपल्याकडच्या देवळांच्या आवारात चौफेर ओवऱ्या असतात, त्याच ओवऱ्या येथे वर्तुळाकार फिरविल्या आहेत, सव्वाशे फुटांच्या आसपास व्यासाच्या. तोंडे सगळी आत, पाठी सगळ्या बाहेर. वर छत आहे ते ओवऱ्यांपुरते. मधले अंगण आकाशाला मोकळे. प्रत्येक खणात एक मूर्ती आणि बैठकीवर तिचे नाव कोरलेले : कामदा, सर्वतोमुखी, फणेन्द्री. मूर्तीखाली नाव देण्याची ही पद्धत संग्रहालयाच्या चिठ्ठीची आठवण करून देते, असे म्हटले तर धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी रागावू नये. हे स्थान उपासनेचे होते, प्रदर्शनाचे नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु उपासनेची वास्तूदेखील पाहण्याचा क्रम ठरविते, आणि तो क्रम कसा ठरविला आहे हे पाहण्याचा अधिकार टीकाकाराला आहे.

तो क्रम असा आहे. वर्तुळात पहिली मूर्ती नाही आणि शेवटची नाही. सरळ दालनात पहिल्या चित्राला मान मिळतो, शेवटच्यापाशी पाय थकलेले असतात. येथे कोठूनही आरंभ करावा. एका मूर्तीसमोर उभे राहिले की बाकीच्या ऐंशींचे अस्तित्व पाठीला जाणवत असते. मूर्ती सर्व दिशांना तोंड करून असल्याने सूर्य त्यांना पाळीपाळीने भेटतो : पश्चिमेकडच्या ओवऱ्यांना सकाळी, पूर्वेकडच्यांना कलत्या दुपारी. म्हणजे सकाळी आलेला आणि सायंकाळी आलेला, दोघे निरनिराळी स्थाने पाहून परततात. औंधच्या छताने उजेड सर्वांना सारखा वाटला. येथे तो पाळीने दिला आहे. दगडासाठी दुसरी रीत अधिक चांगली, असे मला वाटते. कागदासाठी दोन्ही नकोत. शिवाय जबलपूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि पावसाळा जोराचा असतो. जाड पाठभिंत, उथळ ओवरी आणि मधले मोकळे अंगण या तीन गोष्टींनी तो निभावून नेलेला येथे दिसतो.

या अंगणात गौरीशंकराचे मंदिर आहे, आणि ते वर्तुळाच्या मध्यबिंदूवर नाही. मागाहून आलेल्याने पूर्वीच्या रचनेचा मध्य साधण्याचा हट्ट धरलेला नाही. योगिनींच्या मूर्ती बहुतेक भग्न आहेत. त्यांची पूजा कधीच थांबली. गौरीशंकराची चालू आहे. टेकडी चढून येणारे बहुसंख्य लोक येतात ते या मंदिरासाठी, आणि त्यांच्या प्रदक्षिणेच्या निमित्ताने त्या एक्याऐंशी खणांना आजही रोज प्रेक्षक मिळतात. औंधला देवी वर आहे, चित्रे वाटेवर. येथे देव आत आहे आणि शिल्पे सभोवार. दोन्हीकडे जिवंत उपासनेच्या आश्रयाने कला पाहिली जाते. ही गोष्ट आधुनिक मनाला थोडी खटकते, मलाही खटकते. परंतु तिच्याकडे डोळेझाक करून ग्रामीण कलागृहाची योजना आखता येणार नाही.

भेडाघाटचाच एक शिलालेख या संदर्भात फार उपयोगाचा आहे. कलचुरि संवत ९०७ मध्ये, म्हणजे इ. स. ११५५ साली, राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने येथे शिवालय बांधले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या कलचुरि-चेदि लेखांच्या संग्रहात तो वाचावयास मिळतो. राणीने केवळ देऊळ बांधले नाही; त्याच्यासोबत मठ बांधला, व्याख्यानशाला बांधली, बागा लावल्या. खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले, आणि व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्याकडे सोपविली. वास्तूची आखणी करणारा सूत्रधार पीठे याचेही नाव लेखात आहे. स्थपतीचे नाव, राहण्याची जागा, व्याख्यानाची जागा, सावलीसाठी झाडे, कायमचे उत्पन्न आणि नामनिर्देशाने नेमलेला व्यवस्थापक : आज एखाद्या कलागृहाच्या योजनेत यांतल्या किती गोष्टी पहिल्याच दिवशी ठरलेल्या असतात? इमारतीचा नकाशा तयार असतो, उद्‌घाटनाची तारीख ठरते, आणि पहारेकऱ्याच्या पगाराची तरतूद पुढच्या वर्षावर जाते. तो शिलालेख मात्र एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल यांच्या हातून अमेरिकेत गेला. व्यवस्थेचा कागद परदेशी आणि वास्तू येथे.

मध्य प्रदेशात समकालीन कलेसाठी विचारपूर्वक बांधलेले मोठे गृह म्हणजे भोपाळचे भारत भवन. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू १३ फेब्रुवारी १९८२ रोजी खुली झाली. ती शहरात आहे, त्यामुळे आपल्या विषयाच्या सीमेवरच बसते. पण तिची रचना शहरी नाही. मोठ्या तलावाच्या काठी उतारावर ती अशी बसविली आहे, की रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. माणूस वरून येतो आणि गच्च्या व अंगणे यांतून पायरीपायरीने खाली उतरतो. दालने जमिनीच्या पोटात, उजेड वरच्या झरोक्यांतून. भेडाघाटला चढावे लागते, येथे उतरावे लागते, आणि नदीच्या घाटावर उतरण्याची सवय असलेल्या पावलांना हे परके वाटत नाही. वास्तू म्हणून ती मला अतिशय प्रिय आहे. एकच उणीव सांगावीशी वाटते : तिच्यावरून पलीकडे कोणी जात नाही. ती वाटेचा शेवट आहे. तिच्याकडे निघालेलाच तिथे पोहोचतो.

याच गृहाच्या रूपंकर विभागात जगदीश स्वामिनाथन यांनी नागर चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना एका छताखाली, समकालीन म्हणून, आणले. जनगणसिंह श्याम यांचे नाव यांतूनच पुढे आले. जबलपूरच्या पूर्वेस, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील पाटणगढ हे त्यांचे गाव. तेथे घराच्या मातीच्या भिंतीवर आकृती उमटविण्याची रीत होती. कलागृह असे वेगळे नव्हतेच, घर हेच भिंत आणि चित्र दोन्ही होते. स्वामिनाथनांच्या मंडळींनी त्यांना भोपाळला आणले, कागद व रंग हाती दिले, आणि काही वर्षांत, १९८९ साली, त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात होती. ते २००१ मध्ये जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात काम करीत असताना त्यांनी तेथेच आपले जीवन संपविले. ते संग्रहालयही ग्रामीणच. बर्फाळ डोंगराळ प्रदेशात, वापरातून गेलेल्या एका शाळेच्या इमारतीत ते वसलेले आहे, आणि भारतीय लोकचित्रकारांविषयी त्याला आस्था आहे. एका माणसाच्या मरणाचा अर्थ इमारतीच्या नकाशात शोधणे अनुचित होईल, आणि मी तो शोधीत नाही. मला येथे एवढेच दिसते, की ‘ग्रामीण’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कोणाचे ग्राम? पाटणगढच्या माणसाला तोकामाचीचे खेडे हे खेडे नव्हते. ज्या वाटेने तो रोज जात नाही, ज्या भाषेत त्याला कोणी हाक मारीत नाही, ते ठिकाण कितीही शांत आणि निसर्गरम्य असले तरी त्याच्यासाठी दूरदेशच असतो. शहरातल्या प्रेक्षकाला शांतता मिळावी म्हणून रानात बांधलेले कलागृह आणि त्या रानातल्या माणसासाठी बांधलेले कलागृह, यांच्या भिंती सारख्या असू शकतील. वाटा सारख्या नसतील.

जबलपूर शहराने आपल्यापुरती सोय केली आहे. गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर ब्योहार राममनोहर सिंह यांची भित्तिचित्रे आहेत. ते नंदलालांचे शिष्य, आणि भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेच्या पृष्ठावरील अलंकरण त्यांच्याच हातचे. फैजपूर-हरिपुऱ्याच्या वाटेकडेच्या चित्रांचा वारसा येथे सभागृहाच्या भिंतीवर स्थिर झाला, असे म्हणता येईल. तेवर व भेडाघाट येथील अनेक मूर्ती राणी दुर्गावती संग्रहालयात सुरक्षित आहेत. सुरक्षित आहेत हे महत्त्वाचे. पण तेवरच्या माणसाला त्या पाहण्यासाठी आता शहरात यावे लागते, आणि तो येतो तेव्हा बहुधा न्यायालयाच्या किंवा रुग्णालयाच्या कामासाठी येतो.

म्हणून नव्या गृहाची जागा कोणी मला विचारली, तर मी नर्मदेचे विहंगम दृश्य दिसणारा कडा सुचविणार नाही. तेथे दृश्याशी स्पर्धा करावी लागेल, आणि संगमरवरी खडकांशी स्पर्धा करून कोणतीही इमारत जिंकणार नाही. मी भेडाघाटातील ती वाट दाखवीन, जी धुवांधार प्रपाताकडे जाते. तिच्या दोन्ही बाजूंना स्थानिक दगडात मूर्ती व वस्तू घडविणाऱ्यांची दुकाने आहेत. गणपती, शिवलिंगे, हत्ती, दिव्यांच्या बैठका. बहुतेक माल ठरावीक साच्याचा. पण मधूनच एखाद्या दुकानाच्या मागच्या पडवीत छिन्नी चालू असते, पांढरी भुकटी कारागिराच्या पापण्यांवर बसलेली असते, आणि धबधबा पाहून परतणारी माणसे, ओल्या कपड्यांनी, मुलांना हाताला धरून, तेथे क्षणभर उभी राहतात. कारागीर मान वर करीत नाही. थोडा वेळ ते हात पाहून होतात, मग कोणी तरी किंमत विचारते.